आमचंही असंच होतं : एका पालक-वहीच्या प्रकल्प नोंदी

18 जून 2024

शाळा उघडल्या आणि औसा तालुक्यातल्या या पुनर्वसित गावात पालक-वहीचे काम सुरू झाले. मुलांना वाढवताना आई-बापांच्या हातून जे राहून जाते, जे बिघडते, जे नको तेवढे बोलले जाते, ते त्यांनी एकमेकांना सांगावे, ज्याला वाटेल त्याने ते वहीत लिहावे किंवा लिहून घ्यावे आणि वर्षाअखेर त्यातून अंगणवाडीच्या भिंतीसाठी एक हस्तलिखित भित्तिपत्रक तयार व्हावे, अशी ही योजना आहे. पालकांना सल्ल्यांची कमतरता नाही, मोबाइलवर ते रोज येऊन पडतात. परंतु जिने सकाळीच लेकराच्या पाठीत धपाटा घातला आहे, तिला संध्याकाळी आदर्श आईची लक्षणे वाचून काही मिळत नाही. उलट लेकराच्या चेहऱ्याकडे पाहिले की सकाळची गोष्ट आठवते म्हणून ती त्याच्यापासून आणखी थोडी लांब सरकते. तिला हवी असते शेजारची एखादी बाई, जी म्हणेल की माझ्या हातूनही परवा असेच झाले, आणि नंतर मी काय केले ते ऐक.

बैठकीची जागा अंगणवाडीचा व्हरांडा आणि वेळ शनिवारी दुपारची ठरली. अंगणवाडीच्या ताईंनी सतरंज्यांची जबाबदारी घेतली आहे.

6 जुलै 2024

पेरण्या उरकल्या असल्यामुळे पहिल्या बैठकीला बायका चांगल्या जमल्या. पुरुष एकही आला नाही. विषय सांगून झाल्यावर बराच वेळ प्रत्येकीने दुसरीच्या मुलाचे कौतुक केले, स्वतःबद्दल कोणी बोलेना. ती शांतता एका आजीने मोडली. नातीला सोडायला म्हणून त्या आल्या होत्या आणि दाराशीच बसून होत्या. त्यांनी सांगितले की थोरला मुलगा रांगत होता त्या वर्षी खुरपणीला जाताना तो चुलीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला धान्य साठवण्याच्या रिकाम्या कणगीत उभे करून ठेवले होते. सासू घरी येणार होती, म्हणून त्या निर्धास्त गेल्या. सासू आली ती उशिरा, आणि घरात शिरली तर कणगीतून गाणे ऐकू येत होते. "तो आता पन्नाशीच्या पुढं हाय, तरी म्हणतो, माय, तू मला कणगीत घातलतीस," असे सांगताना आजी स्वतः आधी हसल्या आणि मग सगळा व्हरांडा हसला.

त्या हसण्यानंतर एका आईने पाढ्यांची गोष्ट सांगितली. सात आठे चौपन्न असे तिच्या डोक्यात पक्के बसले होते. मुलगी छप्पन म्हणत राहिली, म्हणून तिला दोनदा कोपऱ्यात उभे केले आणि तिसऱ्यांदा हात उगारला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वहीवर बरोबरची खूण केलेली पाहिल्यावर ती मुलीपुढे बसली आणि म्हणाली, तूच आता मला सातचा पाढा शिकव. मुलीने तिला तो सलग म्हणायला लावला आणि मध्ये अडली की पुन्हा पहिल्यापासून घेतला. बाकीच्या बायका ज्या प्रकारे हसल्या त्यावरून घराघरांत असे काही ना काही झालेले आहे, हे स्पष्ट दिसत होते. वहीतली पहिली नोंद हीच.

27 जुलै 2024

आज एका तरुण आईने जो प्रश्न विचारला, तो या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. ती म्हणाली, "हसायला बरं वाटतं ताई, पन लेकराच्या मनात ते कायमचं बसत असंल तर?" या प्रश्नाला घाईने धीर देणे योग्य झाले नसते. मी पुढच्या वेळेपर्यंतची मुदत मागितली नाही, कारण या विषयावर जे अभ्यासकांनी पाहिलेले आहे ते सांगण्यासारखे आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष त्यांनी 1975 मध्ये प्रथम मांडले आणि 1978 मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. आई तान्ह्या बाळासमोर बसून नेहमीप्रमाणे त्याच्याशी बोलते, खेळते. मग सांगितल्यावर काही काळ चेहरा अगदी निर्विकार करून बसते. आणि त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागते. मधल्या वेळात बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज करते, आणि आई प्रतिसाद देत नाही असे दिसल्यावर अस्वस्थ होऊन तोंड फिरवते. व्हरांड्यातल्या बायकांना इथपर्यंतचा भाग ऐकताना वाईट वाटत होते. म्हणून पुढचा भाग मी जास्त सावकाश सांगितला. ट्रॉनिक यांनी अगदी नेहमीच्या, प्रेमळ मायलेकरांचे खेळही बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांना आढळले की आई आणि बाळ यांचा सूर पूर्ण जुळलेला असा वेळ सुमारे 30 टक्केच असतो. उरलेल्या वेळात दोघे चुकतात, पुन्हा एकमेकांकडे वळतात, पुन्हा चुकतात. बाळ जे शिकते ते या वळण्यातून शिकते: तुटलेले जोडता येते आणि त्यात आपलाही हात असतो, हे त्याला कळते.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी याच्या कितीतरी आधी, 1953 च्या एका लेखात, हीच गोष्ट वेगळ्या बाजूने सांगितली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बाळाला निर्दोष आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते: सुरुवातीला ती बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते आणि बाळाची सोसण्याची ताकद जसजशी वाढते तसतशी हळूहळू, थोडी थोडी कमी पडत जाते. या थोड्या थोड्या कमी पडण्यामुळेच बाळाला बाहेरचे जग आपल्या इच्छेवर चालत नाही, हे पेलवेल अशा मापाने कळते.

प्रश्न विचारणारीने हे ऐकून काही वेळाने विचारले की मग परत वळायचे कधी, लगेच की रात्री. हा प्रश्न मला पहिल्यापेक्षाही चांगला वाटला. चर्चेतून जे पुढे आले ते असे की स्वतःचा राग उतरल्याशिवाय वळू नये, कारण रागातच मागितलेली माफी लेकराला दुसरी दटावणी वाटते. मात्र तो दिवस तसाच झोपी जाऊ देऊ नये.

10 ऑगस्ट 2024

वहीचे नियम आज ठरले. एका आईने मुलाच्या अंथरूण ओले करण्याची गोष्ट विनोद म्हणून सांगितली. बायका हसल्या, आणि तो मुलगा दाराआड उभा होता. ती गोष्ट वहीत घेतलेली नाही. त्या गोष्टीत आईची चूक नव्हतीच, मुलाची लाज होती, आणि ती सांगण्याचा अधिकार आईला नाही, हे सर्वांना लगेच पटले. त्या आईने घरी जाऊन मुलाशी बोलते असे स्वतःहून सांगितले. यापुढे गोष्ट मोठ्या माणसाच्या वागण्याची असावी, हसू त्याच्यावर असावे, तेही त्याने स्वतः आधी हसावे मगच, आणि मूल शाळेत जाणारे असेल तर भिंतीवर लावण्याआधी त्याला विचारावे. नावे कोणाचीच लिहायची नाहीत. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, हे खरे. तरीही न लिहिण्याने मान राखला जातो.

3 सप्टेंबर 2024

पोळ्याच्या दोन दिवसांत मराठवाड्यात अनेक ठिकाणी अतिवृष्टी झाली. बैठक नाही. वही ताईंच्या कपाटात कोरडी आहे.

14 सप्टेंबर 2024

महालक्ष्म्या परवा उठल्या. सणाचे हे तीन दिवस आईच्या रागाची परीक्षा पाहणारे असतात, यावर आज एकमत झाले: पहाटेपासूनचे पुरण, सोळा भाज्या, सोवळे, येणाऱ्या-जाणाऱ्या बायका, आणि मधूनमधून काय काय विचारत राहणारी लेकरे. एका आईने फुलोऱ्याची गोष्ट सांगितली. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगलेल्या फुलोऱ्यातल्या करंज्या आरतीच्या वेळी कमी दिसल्या आणि पाहुण्यांसमोर तिने धाकट्याला धरून दोन लगावल्या. तो रडत म्हणाला, "लक्ष्मीनंच दिली." रात्री भांडी घासताना तिला आठवले की सकाळी तिनेच त्याला सांगितले होते, लक्ष्मीला मागितले की ती देते. तो मागून, हात जोडून, स्टुलावर चढला होता.

तिने ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्या खूप हसल्या, पण ती स्वतः हसता हसता रडू लागली. पाहुण्यांसमोर मारले, देवासमोर मारले, हे तिला सुटत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने मुलाला जवळ घेतले होते, त्याच्या हातात करंजी देऊन चूक माझी होती असे म्हटले होते, आणि मुलगा ते विसरून खेळायलाही गेला होता. स्वतःला मात्र तिने सोडलेले नव्हते.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची जी मांडणी केली, तिचे तीन भाग आहेत आणि ते येथे जसेच्या तसे घडताना दिसले, म्हणून नोंदवत आहे. आपल्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने जसे बोलावे तसे स्वतःशी बोलणे हा एक. चुकणे हे एकट्या आपल्याच वाट्याला आलेले नाही, ते माणसांचे सामाईक आहे, हे ओळखणे हा दुसरा. आणि झालेले दुःख न लपवता, न फुगवता, आहे तेवढेच पाहणे हा तिसरा. शेजारी बसलेल्या जावेने तिला म्हटले, "आगं, मी आसते तर मला सोडलं आसतंस का न्हाई? मग सोताला बी सोड." पहिला आणि दुसरा भाग त्या एका वाक्यात आला. तिसऱ्यासाठी वही उपयोगी पडली, कारण लिहून घेताना ती म्हणाली, "दोन मारल्या, ल्हान मुलावानी रडले, मग जवळ घेतलं, एवढंच लिवा." एवढेच लिहिले आहे.

स्वतःला माफ करणाऱ्या बाईला पुन्हा तीच चूक करण्याची मुभा मिळते, अशी शंका ताईंनी नंतर मला विचारली. माझे मत उलट आहे. जी स्वतःला शिक्षा करत बसते तिचे सगळे लक्ष स्वतःकडे असते. लेकराकडे पाहायला मन मोकळे लागते.

30 सप्टेंबर 2024

भूकंपाचा दिवस. 1993 मध्ये आजच्याच पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे गेली आणि पुढे बावन्न गावे नव्या जागेवर वसवली गेली. हे गाव त्यातलेच. आज बैठक नव्हती, पण कणगीच्या आजींकडे गेले असताना त्यांनी जे सांगितले ते या प्रकल्पाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

जुन्या गावात घरे दगड-मातीची, भिंतीला भिंत लागून आणि गल्ली एवढी अरुंद होती की एका घरात आवाज चढला की समोरच्या घरातली बाई दारात येत असे. लेकराला मारायला हात वर गेला की कोणीतरी ते लेकरू उचलून नेत असे, आणि संध्याकाळी जेवण भरवून परत आणून देत असे. त्यात आईला कोणी दोष देत नसे. आज हिची पाळी, उद्या तिची, असे चालत असे. पुनर्वसनात रुंद रस्ते आले, मोठे प्लॉट आले, भूकंपाला टिकतील अशी घरे आली, आणि ज्यांनी एका रात्रीत सगळे गाडले गेलेले पाहिले त्यांच्यासाठी ती रुंदी ही सुरक्षितता होती, यात शंका नाही. परंतु त्या रुंदीत मध्ये पडणारी बाई लांब गेली. घरात एकटी आई आणि एकटे लेकरू राहिले, आणि आईच्या कानावर फक्त स्वतःचाच आवाज येऊ लागला.

आजी म्हणाल्या, "तुमची ती वही म्हंजी आमची गल्ली हाय." भूकंपात त्यांचे स्वतःचे कोण गेले ते त्यांनी सांगितले, ते येथे लिहिणार नाही. त्यानंतर उरलेल्या मुलांवर आपण वर्षभर हात उगारला नाही आणि मग एके दिवशी उगारला, तेव्हा आपण बऱ्या झालो असे वाटले, असेही त्या म्हणाल्या. हे वाक्य मी बरोबर समजून घेतले आहे की नाही, याचा विचार करते आहे. ते मारण्याचे समर्थन नव्हते. भीतीपोटी लेकराला काचेसारखे जपणे सुटले आणि रोजचे जगणे परत आले, असे त्यांना म्हणायचे होते, असे मला वाटते.

19 ऑक्टोबर 2024

सोयाबीनची रास झालेली असल्याने आज पहिल्यांदा पुरुष आले. बैठक त्यांच्यासाठी रात्री घेतली. एका बापाने आठवडी बाजाराची गोष्ट सांगितली. मुलाला हॉटेलात भजी घेऊन बसवले, भाव विचारायला अडत दुकानात गेला, तिथे बोलण्यात गुंतला आणि मोटारसायकलवर पोती बांधून थेट घरी आला. बायकोने दारातच विचारले, "लेकरू कुठंय?" परत गेला तेव्हा हॉटेलवाल्याने मुलाला गल्ल्यामागे बसवले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमी मला इसरलाव, पन भजे लई दिले." त्या बापाने हे सांगताना सगळ्यांना हसू दिले आणि मग, फारसा न थांबता, म्हणाला की त्या रस्त्याचे ते अंतर गाडीवर कसे गेले ते त्याचे त्यालाच माहीत. आता बाजाराला जाताना मुलाचा हात सोडायचा झाला तर तो मुलाला सांगूनच सोडतो, आणि मुलगाही "इसरू नका" असे बजावतो.

यावरून मारण्याचा विषय निघाला. आम्हाला गुरुजी छडीने मारायचे म्हणून आम्ही शिकलो, असे दोघा-तिघांचे म्हणणे होते. शाळेतल्या गुरुजींनी शांतपणे सांगितले की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक त्रासही देता येत नाही. मग त्यांनी विचारले, छडीने काय शिकलात ते एकेकाने सांगा. एकाला छडी लपवायच्या जागा आठवल्या, दुसऱ्याला ज्वारीच्या शेतात लपून काढलेला अख्खा दिवस. पाढा कोणालाच आठवला नाही. हसू भरपूर झाले. त्यानंतर बोलणे अधिक खरे झाले. रोज मारणे आणि एखाद्या दिवशी हात सुटणे यांत फरक आहे, आणि पहिले हसण्यावारी नेऊन चालणार नाही, हे पुरुषांनीच म्हटले, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

16 नोव्हेंबर 2024

शेजारच्या तांड्यावरचे एक जोडपे ऊसतोडीला निघण्यापूर्वी वहीत नोंद करायला आले. दोघांच्या तोडणीपोटी मुकादमाकडून कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली आहे, जायलाच हवे. दोन मुली आजीकडे राहणार. आईला लिहायचे होते की मी मुलींना टाकून चालले. मी तिला ते लिहू दिले नाही, आणि त्याबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. कोरडवाहू जमीन, अंगावरची उचल आणि साखर कारखान्यांचा हंगाम यांनी घेतलेला निर्णय तिने स्वतःची चूक म्हणून मांडावा, हे न्यायाचे नाही. जे आपण केलेच नाही त्याची स्वतःला माफी देणे म्हणजे तो दोष मान्य करणे होय. मग तिने वेगळी गोष्ट सांगितली: निघायच्या गडबडीत धाकटी पायात घोटाळत होती म्हणून तिला "जा तिकडं" असे ओरडले. ही नोंद घेतली. तिने निघण्यापूर्वी मुलीची वेणी घातली आणि फोन कोणत्या वेळी येईल ते सांगून गेली.

7 डिसेंबर 2024

मुलाला अकरावीसाठी लातूरला ठेवलेले एक वडील. शिकवणीची फी, खोलीचे भाडे, मेसचे पैसे, सगळे कर्जातून. रोज रात्री फोनवर एकच प्रश्न: चाचणीत किती पडले. मुलाने एकदा उत्तर दिले, "बाबा, माझा ताप एकशे दोन पडलाय." वडील ते गुण समजून "कितीपैकी?" असे म्हणाले. हे ऐकून सगळे हसले, वडीलही, आणि त्यांनी सांगितले की त्याच रात्री ते मिळेल त्या गाडीने लातूरला गेले. आता आधी जेवलास का हे विचारतात. गुण कळतात, पण मुलगा सांगतो तेव्हा.

आजच एका आईने बैठकीनंतर थांबून जे सांगितले ते वहीचे नाही. बाळंतपणानंतर रडू थांबत नाही, बाळाजवळ जावेसे वाटत नाही, असे महिनोन् महिने चालले असेल तर ते चुकलेले क्षण नसतात, ते आजारपण असते आणि त्याला उपचार असतात. तिला टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक दिला, तिच्यासमोरच फोन लावला, आणि उपजिल्हा रुग्णालयात आशाताई सोबत जाणार आहेत. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेव्हा 1098 हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे, तोही भित्तिपत्रकाच्या खाली ठळक लिहिणार.

31 डिसेंबर 2024

काल येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, झाली. शेतातल्या कोपीजवळ भज्जी, उंडे आणि आंबील झाल्यावर मुलांनीच वही वाचून दाखवली. ज्यांच्या घरच्या गोष्टी होत्या त्यांनी आधी परवानगी दिली होती. सातचा पाढा शिकवणाऱ्या मुलीने आपल्या आईची गोष्ट वाचताना शेवटी स्वतःचे एक वाक्य जोडले: "आता आईला नऊचा पण येतो." फुलोऱ्याची गोष्ट मात्र त्या मुलाने नको म्हटले. ती भिंतीवर जाणार नाही. त्याच्या आईनेच ते पान घडी घालून बंद केले.

भित्तिपत्रकाचा मजकूर निश्चित झाला आहे. अक्षर शाळेतल्या सातवीच्या मुली काढणार आहेत. शेजारच्या गावच्या अंगणवाडी सेविकांनी वही मागितली, पण दुसऱ्यांच्या गोष्टी वाचून बैठक सुरू होत नाही, म्हणून त्यांना कोरी वही आणि 10 ऑगस्टचे नियम द्यायचे ठरले. पहिल्या दिवशी आजी येथून तिकडे जायला तयार आहेत. पुरुषांची बैठक जानेवारीत हरभऱ्याला पाणी देण्याच्या पाळ्या पाहून ठरवावी लागेल, कारण वीज रात्रीची असली की ते शेतावर असतात.